प्लेगच्या दिवसांतील शुश्रूषा

‘शुश्रूषा’ हा शब्द रुग्णसेवेच्या अर्थाने आपण इतका सर्रास वापरतो, की त्याचा मूळ अर्थ आपल्या ध्यानातही येत नाही. संस्कृतातील ‘श्रु’ धातूच्या इच्छार्थक रूपावरून तो सिद्ध झालेला असून ‘ऐकण्याची इच्छा’ हा त्याचा पहिला अर्थ होय. गुरूचे ऐकू इच्छिणारा शिष्य गुरूची सेवा करी, म्हणून पुढे सेवा, आणि सेवेवरून आजाऱ्याची काळजी, असा त्या शब्दाचा प्रवास झाला. चरकसंहितेत चिकित्सेचे चार पाद सांगितले आहेत: वैद्य, औषध, उपस्थाता म्हणजे शुश्रूषा करणारा, आणि चौथा स्वतः रोगी. उपस्थात्याच्या अंगी उपचारांचे ज्ञान, कामातील दक्षता, जिव्हाळा आणि शुचिता हे गुण असावेत, असे संहिताकार म्हणतात. परंतु मला त्याहून लक्षणीय वाटते ते रोग्याच्या गुणांचे वर्णन. त्यांत ‘ज्ञापकत्व’ हा एक गुण आहे. आपल्याला काय होते आहे हे सांगता येणे, असा त्याचा अर्थ. रोग्याने सांगावे आणि उपस्थात्याने ऐकावे, या दोन गोष्टींवर अर्धी चिकित्सा उभी आहे, असे त्या प्राचीन ग्रंथकारांना वाटत असले पाहिजे.

हे सांगणे आणि ऐकणे दोन्ही तुटले म्हणजे काय होते, याचा कठोर अनुभव मुंबई आणि पुणे या शहरांनी १८९६ ते १८९८ या काळात घेतला. त्या काळाविषयी आपल्याकडे पुष्कळ लिहिले गेले आहे. रँड, आयर्स्ट, चाफेकर बंधू, लोकमान्यांवरील राजद्रोहाचा खटला ही नावे आणि हे प्रसंग शाळकरी मुलांनाही ठाऊक असतात. खाटेवर पडलेला माणूस मात्र या इतिहासात कोपऱ्यात राहिला आहे. आज त्याच्याविषयी बोलावयाचे आहे.

सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईच्या मांडवी भागात डॉ. अकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी प्लेगचे निदान केले. आपल्याकडील वैद्यांनी या रोगाला ‘ग्रंथिक सन्निपात’ असे नाव दिले. लोक नुसते ‘गाठीचा ताप’ म्हणत. ते लोकांचे नाव अचूक होते. ताप चढतो, डोळे लाल होतात, जीभ अडखळते, आणि जांघेत, काखेत किंवा मानेशी गाठ येते. ही गाठ विलक्षण दुखते. जांघेत गाठ आलेला रोगी पाय सरळ करू शकत नाही, गुडघा पोटाशी ओढून पडून राहतो. काखेत गाठ असेल तर तो हात अंगापासून दूर धरून ठेवतो. अनुभवी परिचारिकेला अंथरुणाकडे दुरून पाहूनच गाठ कोठे आहे हे कळे. वाताच्या भरात रोगी उठून पळू पाही, आणि हे उठणेच त्याच्या जिवावर बेते. कारण या रोगात हृदय इतके दुर्बळ होते, की थोड्याशा श्रमानेही ते थांबू शकते. रोग्याला आडवे ठेवा, शांत ठेवा, त्याची हालचाल होऊ देऊ नका, हा त्या काळच्या वैद्यकग्रंथांतील शुश्रूषेचा पहिला नियम होता. गाठीला पोटीस, तळमळीवर क्वचित मॉर्फिनची टोचणी, हृदयाला उत्तेजन म्हणून ब्रँडी, आणि पिकली तर गाठ फोडणे, याहून फारसे काही डॉक्टरांच्या हाती नव्हते. याचा अर्थ असा, की प्लेगच्या रोग्याचे जगणे बव्हंशी शुश्रूषेवरच अवलंबून होते.

आता शासनाने काय केले ते पाहा. ४ फेब्रुवारी १८९७ रोजी साथरोग कायदा झाला आणि अधिकाऱ्यांना जवळजवळ अमर्याद अधिकार मिळाले. पुण्यात प्लेग समितीचे अध्यक्ष म्हणून डब्ल्यू. सी. रँड यांची नेमणूक झाली आणि मार्चच्या मध्यापासून मे महिन्यापर्यंत गोऱ्या शिपायांच्या तुकड्यांनी घरोघर झडत्या घेतल्या. रोगी सापडला की त्याला उचलून रुग्णालयात न्यावयाचे आणि घरच्यांना विलगीकरणाच्या छावणीत, असा क्रम होता. ज्याला हलवू नये असे वैद्यकशास्त्र सांगत होते, त्यालाच गल्लीबोळांतून डोलीत घालून नेण्यात येत होते.

गाठ येण्याच्या जागांमुळे तपासणीचा प्रश्न आणखी बिकट झाला. जांघ आणि काख तपासल्यावाचून प्लेगचे निदान होत नव्हते, आणि तपासणारे हात परक्या पुरुषांचे होते. ज्या घरांतील सुना सासऱ्यासमोरही उभ्या राहत नसत, त्या घरांतील स्त्रियांना भर रस्त्यात तपासल्याच्या तक्रारी वृत्तपत्रांतून आल्या. पंडिता रमाबाईंनी पुण्याच्या प्लेग रुग्णालयात स्त्रियांची जी आबाळ होत होती तिच्याविषयी जाहीरपणे लिहिले. आणि रमाबाई काही जुन्या रूढींच्या कैवारी नव्हत्या. प्लेग समितीच्या अहवालात मात्र, स्त्रियांच्या शीलाचा हेतुपुरस्सर अपमान झाल्याची एकही विश्वसनीय तक्रार आली नाही, याबद्दल समाधान व्यक्त केलेले आढळते. सरकारी अहवाल वाचण्यात आणि लिहिण्यात माझे बरेच आयुष्य गेले आहे. ‘विश्वसनीय’ हे विशेषण अशा वाक्यात किती काम करते, हे मला चांगले ठाऊक आहे. जिने तक्रार करावयाची, तिने ती कोणापुढे आणि कोणत्या शब्दांत करावी, याचा विचार अहवाल लिहिणाराने केला नव्हता. ना. गोखले त्या वेळी इंग्लंडात होते. अत्याचारांच्या आलेल्या वार्तांवर विसंबून त्यांनी तेथे निवेदन केले, आणि परतल्यावर पुरावा देता येईना म्हणून त्यांना बिनशर्त माफी मागावी लागली. पुरावा द्यावयाचा तर कोणा तरी स्त्रीला आपले नाव जाहीर करावे लागले असते.

मुंबईतही हेच घडत होते. ऑक्टोबर १८९६ मध्येच सुमारे एक हजार गिरणी कामगारांनी ऑर्थर रोडच्या रुग्णालयावर हल्ला केला होता. ९ मार्च १८९८ रोजी एका मुसलमान विणकराच्या घरातील आजारी मुलीला तपासण्यावरून आणि नेण्यावरून दंगल पेटली आणि तीत माणसे मेली. रुग्णालयात माणसाला उलटे टांगून त्याच्या अंगातून मोमियाई काढतात, अशी अफवा लोकांत पसरली होती. इंग्रज अधिकाऱ्यांनी या अफवेची नोंद लोकांच्या अडाणीपणाचा मासला म्हणून केली. पण अफवेलाही एक तर्क असतो. रोगी जिवंत नेला जाई, घरच्यांना त्याच्याजवळ बसू दिले जात नसे, आणि पुष्कळदा त्याच्या मरणाचीच वार्ता येई. मधल्या काळात काय घडले हे सांगणारे कोणी नव्हते. ती रिकामी जागा भीतीने भरून काढली. मग लोक रोगी लपवू लागले. लपवलेला रोगी अगदी शेवटच्या घटकेला हाती लागे आणि रुग्णालयात पोहोचताच मरे. त्यामुळे रुग्णालय म्हणजे मरणाचे घर ही समजूत अधिकच पक्की होई.

आत गेलेल्या रोग्याची स्थिती काय होती? पाणी कोणाच्या हातचे, अन्न कोणी शिजवलेले, हे प्रश्न आज आपल्याला क्षुद्र वाटतील. ग्लानीत पडलेल्या, आयुष्यभर सोवळे पाळलेल्या म्हाताऱ्याला ते क्षुद्र वाटत नव्हते. हृदयाला उत्तेजन म्हणून दिलेली ब्रँडी त्याने तोंड मिटून नाकारली, तर तो औषधाला विरोध करतो अशी नोंद होई. देशात शिकलेल्या परिचारिका थोड्याच होत्या. फ्लॉरेन्स नाइटिंगेल यांनी लंडनमधील सेंट टॉमस रुग्णालयात १८६० साली परिचारिकांची शाळा काढली. हिंदुस्थानच्या आरोग्याविषयी त्यांनी दशकानुदशके लिहिले, परंतु त्या येथे कधी आल्या नाहीत. १८८८ साली लष्करासाठी इंग्लंडहून परिचारिका आल्या, त्या गोऱ्या सैनिकांकरिता. प्लेगच्या साथीत विलायतेहून आणखी परिचारिका बोलावण्यात आल्या. त्यांपैकी अनेकींनी जिवापाड काम केले यात संशय नाही. पण रोगी काय सांगतो हे त्यांना कळत नव्हते.

येथे थोडे थांबतो, कारण ही अडचण दिसते त्यापेक्षा मोठी आहे. मराठीत दुखण्याला किती शब्द आहेत ते आठवून पाहा. जखम ठणकते, गळू ठसठसते, डोके ठणाणते, दाढेतून सणक जाते, पोटात कळ येते, मुरडा येतो, पाठीत उसण भरते, पायाला वांब येतात, छातीत चमक निघते, भाजलेली कातडी हुळहुळते, डोळे चुरचुरतात, अंग नुसते मोडून येते. यांतील एकही शब्द दुसऱ्याच्या जागी चालत नाही. ठसठस म्हटले की आत पू होत आहे, कळ म्हटले की दुखणे येऊन जाऊन आहे, हे कोणत्याही घरातील आजीला सांगावे लागत नाही. कॅनडातील मानसशास्त्रज्ञ रोनाल्ड मेल्झॅक यांनी १९७५ साली वेदनेची जी प्रश्नावली प्रसिद्ध केली, ती अशाच शब्दांची, म्हणजे इंग्रजीतील अशा शब्दांची, वर्गवारी करून केलेली आहे. रोगी कोणता शब्द निवडतो यावरून दुखण्याची जात ओळखता येते, हे त्यांचे प्रतिपादन जगभर मान्य झाले. १८९७ च्या प्लेग रुग्णालयात रोग्याजवळ हे सारे शब्द होते. ते ऐकून समजणारा कान बहुधा नव्हता.

पुण्यात लोकमान्य टिळकांनी पुढाकार घेऊन हिंदू प्लेग रुग्णालय काढले. मुंबईतही पारशी, जैन, मुसलमान अशा निरनिराळ्या समाजांना स्वतःची रुग्णालये चालवण्यास परवानगी देण्यात आली. तेथे आप्तांना जवळ राहता येई, अन्नपाण्याचा प्रश्न सुटे, आणि लोक आपण होऊन रोगी घेऊन येत. औषधे तीच होती. बदलली होती ती शुश्रूषा, आणि तेवढ्याने लपवाछपवी कमी झाली.

तथापि या व्यवस्थेचे कौतुक करताना तिची दुसरी बाजू झाकता येणार नाही. ज्याच्या जातीजवळ पैसा होता त्याला रुग्णालय मिळाले. गावकुसाबाहेरच्या माणसाच्या चालीरीतींचा आदर करण्यासाठी वर्गणी कोण काढणार? रोग्याच्या संस्कारांची बूज राखणे आणि जातिभेदाची बूज राखणे या दोन गोष्टी त्या काळी एकमेकींत इतक्या गुंतल्या होत्या, की सद्भावाने काम करणाऱ्यांनाही त्या वेगळ्या करता आल्या नाहीत. ज्यांनी त्या वेगळ्या केल्या, त्यांत सावित्रीबाई फुले यांचे नाव घेतले पाहिजे. त्यांचे पुत्र डॉ. यशवंत यांनी हडपसरजवळ ससाणे मळ्यात दवाखाना उघडला, तेव्हा सावित्रीबाई रोगी स्वतः घेऊन येत. मुंढव्याच्या अस्पृश्य वस्तीतील पांडुरंग गायकवाड नावाच्या मुलाला त्यांनी पाठीवर घालून आणले, असे सांगतात. त्या वेळी त्यांचे वय पासष्टीच्या घरात होते. शिपायांच्या डोलीतून जाणारा रोगी आणि या मुलाचा प्रवास, दोन्हींत रोगी हलवलाच गेला. परंतु मुलाने ज्या पाठीला मिठी मारली असेल ती ओळखीची होती. १० मार्च १८९७ रोजी सावित्रीबाई प्लेगनेच गेल्या.

लवकरच सरकारचे धोरण पालटले. प्रा. फ्रेझर यांच्या अध्यक्षतेखाली १८९८ साली नेमलेल्या प्लेग आयोगापुढे साक्षी झाल्या, सक्ती निरुपयोगी ठरल्याचे मान्य झाले, आणि विसावे शतक उजाडेपर्यंत सक्तीची तपासणी व सक्तीने रुग्णालयात नेणे बहुतेक ठिकाणी सोडून देण्यात आले. याच सुमारास, १८९८ मध्ये, कराचीत पॉल-लुई सिमाँ या फ्रेंच डॉक्टराने उंदरावरील पिसवांमार्फत प्लेग पसरतो हे दाखवून दिले; सर्वांची खात्री पटण्यास मात्र आणखी काही वर्षे गेली. फुप्फुसाचा प्लेग सोडला तर गाठीचा प्लेग माणसाकडून माणसाला सहसा थेट लागत नाही. म्हणजे आईला मुलापासून तोडण्याचा जो प्रकार सर्वांत दुःखद होता, त्याचा गाठीच्या रोग्यांपुरता फारसा उपयोगही नव्हता. हे ज्ञान १८९७ मध्ये कोणाजवळ नव्हते, त्यामुळे त्याबद्दल अधिकाऱ्यांना दोष देणे अन्याय होईल. न विचारल्याचा आणि न ऐकल्याचा दोष त्यांचा होता, आणि तो ज्ञानाच्या अभावाने झाकला जात नाही.

त्यानंतर परिचर्येचे शास्त्र पुष्कळ पुढे गेले. सिसिली सॉन्डर्स या प्रथम परिचारिका होत्या, नंतर डॉक्टर झाल्या. १९६७ साली लंडनमध्ये सेंट क्रिस्टोफर हे आसन्नमरण रुग्णांसाठीचे आश्रयस्थान त्यांनी काढले. शरीराचे दुखणे, मनाची तगमग, घरच्यांची काळजी आणि श्रद्धेची अस्वस्थता मिळून वेदना एकच असते, असे त्या सांगत. भारतातील अशी पहिली संस्था, शांती अवेदना सदन, मुंबईत १९८६ साली सुरू झाली. नेमक्या त्याच्या आदल्या वर्षी अमली पदार्थांविषयीचा कायदा झाला आणि मॉर्फिनसाठी इतक्या परवान्यांची गरज पडू लागली, की रुग्णालयांनी ते ठेवणेच सोडले. २०१४ मध्ये कायद्यात दुरुस्ती झाली, तोवर कर्करोगाच्या कितीतरी रोग्यांनी त्या फायलींच्या प्रवासाची किंमत मोजली. मार्च २०२० मध्ये करोनाची साथ आली, तेव्हा १८९७ चाच साथरोग कायदा पुन्हा बाहेर काढावा लागला. या वेळी रोग श्वासावाटे पसरणारा होता आणि विलगीकरणाला आधार होता. तरीही खाटेवरच्या माणसाला घरच्यांचा आवाज ऐकू यावा म्हणून कितीतरी परिचारिकांनी आपला दूरध्वनी त्याच्या कानाशी धरला.

वेदनेचा अभ्यास करणाऱ्या आंतरराष्ट्रीय संघटनेने २०२० साली आपली व्याख्या सुधारताना, माणूस वेदना होते असे सांगतो तेव्हा त्या सांगण्याचा मान राखावा, हे स्पष्ट शब्दांत जोडले. हे लिहिणे सोपे, करणे अवघड. आज मुंबई-पुण्याच्या रुग्णालयांत केरळातून आलेल्या परिचारिका मोठ्या संख्येने काम करतात, आणि आपल्यापैकी जे श्रोते दिल्लीला, कोलकात्याला वा चेन्नईला राहतात, त्यांची मराठी आई तेथल्या परिचारिकेच्या स्वाधीन असते. ‘दुखतंय का?’ हे दोन शब्द अशी मुलगी पहिल्या आठवड्यात शिकते. ठणका आणि कळ यांतील भेद कळायला तिला वेळ लागतो. त्यातून आपल्याकडच्या जुन्या बायकांची रीत अशी, की दुखणे सांगावयाचे ते कमी करूनच. शस्त्रक्रियेच्या दुसऱ्या दिवशी त्यांना विचारावे, तर ‘फारसं काही नाही, जरा ओढल्यासारखं होतंय,’ एवढेच उत्तर येते. परिचारिका तक्त्यावर आकडा लिहिण्यापूर्वी पांघरुणाकडे पाहते. गुडघा पोटाशी ओढून घेतलेला असतो.