खारबांध : कोकणातील एक विस्मृत स्थापत्य

मीरा रोड आणि भाईंदर साष्टी बेटाच्या उत्तर टोकाला, वसईच्या खाडीलगत वसले आहेत. येथील भातखाचरे आणि मिठागरे माणसांनी भरतीच्या चिखलातून बांध घालून मिळवली. कोकणच्या इतिहासलेखनात किल्ले आणि बंदरे भरपूर आली. हे मातीचे बांध मात्र बाजूलाच राहिले.

खाजणाला चिखलमातीचा बांध घालायचा, लाटांच्या बाजूने दगड लावायचे आणि बांधात उघाडी ठेवायची. ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने तिचे दार उघडते, भरतीला बाहेरच्या दाबाने मिटते. पावसाने जमिनीतला खार धुऊन निघाला की तेथे खाऱ्या मातीत तग धरणारे भात घेता येते. गोव्यातले कोरगुट हे असेच भात. मिठागरात हेच तंत्र उलटे चालते: भरतीचे पाणी मुद्दाम आत घ्यायचे आणि उन्हात आटवायचे. आगरी या नावाचा संबंध या ‘आगरा’शीच लावला जातो. गोव्यात सहाव्या शतकाच्या सुमारास ताम्रपटांतही ‘खज्जन’ जमिनीचा उल्लेख येतो.

घाटमाथ्यापलीकडे ही धडपड त्याहून जुनी आहे. शिरूर तालुक्यात घोड नदीकाठी इनामगाव येथे डेक्कन कॉलेजच्या उत्खननात इ. स. पू. १६०० ते ७०० या काळातली शेतकऱ्यांची वसाहत सापडली. तेथे पुराचे पाणी वळवणारा पाट आणि दगडमातीचा बांध होता. मुख्य पीक सातूचे. इ. स. पू. १००० नंतर ऐसपैस चौकोनी घरांच्या जागी लहान गोल झोपड्या आल्या, शेती खालावली आणि शिकारीवरचा भर वाढला. म. के. ढवळीकरांनी त्याचे कारण कोरड्या होत गेलेल्या हवामानात शोधले.

खारबांधाला धोका वेगळ्या बाजूने असतो. खेकड्याने पाडलेले एक भोक वेळेवर बुजवले नाही, तर एका उधाणात सगळ्यांचे शेत खारावते. म्हणून बांधाची डागडुजी ही गावाची सामाईक जबाबदारी असे. मुंबई राज्यात १९४८ साली खारजमिनींसाठी कायदा झाला आणि या कामात सरकार उतरले.

पुढे शहर वाढले, खाचरांवर भराव पडला. शेत गेले तशी उघाडी सांभाळणारी माणसेही गेली. भरती मात्र रोज दोनदा येते. मुसळधार पाऊस आणि मोठी भरती एकाच वेळी आली की पाण्याला वाट उरत नाही. २६ जुलै २००५ रोजी मुंबई परिसराने ते पाहिले. खाजणावर वसलेल्या शहरालाही उघाडी लागते, आणि ती कोणी सांभाळायची हे पावसाआधी ठरवावे लागते.