पोशाख, मुलाखत आणि सुरतेचे इंग्रज

मुलाखतीला काय घालून जावे ही चिंता कोट-टायबरोबर आपल्याकडे आली, असा पुष्कळांचा समज असतो. ती त्याहून बरीच जुनी आहे. 'मुलाखत' हा शब्दच मुळी दरबारी. अरबी-फारसीतून तो मराठीत आला तेव्हा त्याचा अर्थ थोरामोठ्यांची भेट एवढाच होता. आणि नोकरी मिळाल्याचे सांगायची त्या काळची रीतही ध्यानात घेण्यासारखी आहे. १७१३ साली शाहू महाराजांनी बाळाजी विश्वनाथांना पेशवेपदाची 'वस्त्रे' दिली, असेच आपण आजही म्हणतो. आज उमेदवार आधी कपडे शिवतो आणि मग नोकरी मागायला जातो. तेव्हा नोकरीच कपड्यांच्या रूपाने अंगावर यायची. डोक्यापासून पायापर्यंतचा पोशाख म्हणजे 'सरोपा', आणि त्याचाच आपला 'शिरपाव'. धन्याने दिलेला पोशाख अंगावर चढवला की माणूस त्याचा झाला.

हे गणित परक्यांनाही लवकरच शिकावे लागले, आणि त्यांची शाळा भरली ती सुरतेला.

१६०८ च्या ऑगस्टमध्ये विल्यम हॉकिन्स 'हेक्टर' जहाजातून सुरतेला पोचला. ईस्ट इंडिया कंपनीचा माणूस, इंग्लंडच्या राजाचे पत्र जवळ. बादशहासाठी आणलेल्या नजराण्यातले बरेचसे बंदराचा अधिकारी मुकर्रबखान याने आपल्याकडेच ठेवून घेतले. (हा मुकर्रबखान गोवेकरांना ठाऊक असायला हवा. जहांगीरने त्याला दुर्मिळ वस्तू खरेदी करायला गोव्याला पाठवले होते. तिथून त्याने नेलेल्या चमत्कारिक पक्ष्याचे, म्हणजे टर्कीचे, मन्सूरने काढलेले चित्र प्रसिद्ध आहे.) १६०९ च्या एप्रिलमध्ये हॉकिन्स आग्र्याला पोचला तेव्हा भेट म्हणून द्यायला त्याच्यापाशी थोडे कापडच उरले होते. त्यात बादशहाचे बोलावणे इतक्या घाईने आले, की आपला चांगला पोशाख अंगावर चढवायलाही जेमतेम वेळ मिळाला, असे तो स्वतःच लिहून गेला आहे. मुलाखतीच्या दिवशी कागद तपासायला मी अनेकदा बसलो आहे. नाव पुकारल्यावर शर्ट खोचत धावणारी मुले पाहिली की मला हॉकिन्स आठवतो.

पण मुलाखत फत्ते झाली, आणि ती कपड्यांमुळे नव्हे. हॉकिन्सला तुर्की येत होते. दुभाषी मध्ये न घेता तो बादशहाशी बोलू शकला. जहांगीर खूश झाला. त्याला चारशे स्वारांची मनसब मिळाली, 'इंग्लिश खान' असे नाव मिळाले, एका आर्मेनियन ख्रिस्ती सरदाराच्या मुलीशी लग्नही झाले. मग त्याचे खाणेपिणे, राहणे सारे मुसलमान उमरावासारखे झाले. जोर्डेन नावाच्या त्याच्याच देशबांधवाने हे नाक मुरडून नोंदवले आहे. मनसब मिळाली तरी तिचा पैसा मात्र नीट हाती आला नाही, आणि कंपनीचे काम तर झालेच नाही. १६११ च्या अखेरीस त्याने आग्रा सोडले. मायदेशी परतताना वाटेतच तो वारला.

१६१५ च्या सप्टेंबरात सुरतेजवळ सुवालीच्या किनाऱ्यावर सर टॉमस रो उतरला. त्याने नेमके उलटे धोरण धरले. स्वागताला आलेले अधिकारी तंबूत गालिच्यांवर बसून होते. ते उभे राहत नाहीत तोवर मी पुढे येणार नाही, असा निरोप त्याने धाडला. ते उभे राहिले. पुढे बुऱ्हाणपूरला शहजादा परवीझसमोर जमिनीला डोके टेकवायला सांगितले तेव्हा, ही चाकरांची रीत आहे, ती मला लागू नाही, असे त्याचे उत्तर होते. हिंदुस्थानच्या उन्हातही तो आणि त्याची माणसे इंग्रजी पद्धतीचेच कपडे घालीत, फक्त होता होईल तेवढे हलके शिवलेले. बाहेर पडताना त्याचे नोकर हिरवी किनार लावलेले तांबडे तलम झगे घालून बरोबर असत.

ह्या रोवरही एकदा प्रसंग आलाच. शहजादा खुर्रम, म्हणजे पुढचा शहाजहान, याने आपण वापरलेला जरीचा झगा १६१६ साली त्याच्या खांद्यावर घातला. नाही म्हणता येईना. रोने मुजरा केला, पण फार नाखुशीने. हा झगा नाटकात तैमूरलंगाचे सोंग घेणाऱ्याला शोभला असता, असे काहीसे त्याने रोजनिशीत लिहून ठेवले. मला ह्या नाखुशीत नुसती अढ्यता दिसत नाही. दुसऱ्याचे उतरलेले वस्त्र घेतले की आपण कोणाचे ठरतो, हे त्याला पुरते कळले होते.

आणि हेच आपल्या इतिहासातल्या सर्वांत गाजलेल्या भेटीत घडले. १६६४ च्या जानेवारीत शिवाजी महाराजांनी सुरत लुटली. इंग्रजांनी आपली वखार लढून राखली म्हणून औरंगजेबाने त्यांचा सुरतेचा प्रमुख सर जॉर्ज ऑक्झिंडन याला खिलतीची वस्त्रे पाठवली. दोन वर्षांनी, १२ मे १६६६ रोजी, महाराज आग्र्याच्या दरबारात उभे होते. शहजाद्यांना खिलती मिळाल्या, जसवंतसिंगाला मिळाली, महाराजांना नाही. मग जो भडका उडाला तो शाळकरी पोरालाही माहीत आहे. एक बारकावा मात्र सहसा सांगितला जात नाही. त्यानंतर बादशहाने वस्त्रे घेऊन माणसे पाठवली तेव्हा महाराजांनी ती घालायला साफ नकार दिला. अपमान झाला तो वस्त्रे न मिळाल्याने, आणि उत्तर दिले तेही वस्त्रे नाकारून.

१६७४ साली पारडे फिरले. सुरतेच्या वखारीचा अध्यक्ष आणि मुंबईचा गव्हर्नर तेव्हा जेरल्ड ऑन्जियर होता. राजापूरच्या लुटीची भरपाई आणि व्यापाराची परवानगी हवी म्हणून त्याने हेन्री ऑक्झिंडनला रायगडी पाठवले. सर जॉर्जच्याच घराण्यातला हा माणूस. बरोबर दुभाषी नारायण शेणवी. हे आडनाव आपल्याला परके नाही. राज्याभिषेकाच्या दिवशी, ६ जूनला, दरबार खच्चून भरला होता आणि इंग्रज लांब उभे होते. हेन्रीने मुजरा केला. नारायण शेणव्याने नजराण्याची हिऱ्याची अंगठी हात उंच करून धरली. ती महाराजांच्या नजरेस पडली. त्यांनी मंडळींना सिंहासनाच्या पायथ्यापर्यंत बोलावले, वस्त्रे दिली आणि निरोप दिला. ह्या ऑक्झिंडनने मात्र कुरकूर केल्याची नोंद नाही. आठवडाभरातच तहाची कलमे कायम झाली.