शिकारीची अपुरी नोंदवही

भंडारा जिल्ह्यातील शिकारीचा इतिहास बहुधा बंदूकवाल्यांच्या बाजूने सांगितला जातो. कायद्याची रचनाही काहीशी तशीच होती. तेव्हा भंडाऱ्यात असलेले (१९९९पासून मुख्यतः गोंदियात गेलेले) नागझिरा १९७० साली अभयारण्य झाले. परंतु बाहेरच्या रानातील चितळाला लगेच पूर्ण अभय मिळाले नाही. १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने त्याला तिसऱ्या अनुसूचीत, म्हणजे 'मोठ्या शिकारी'त घातले. परवाना घेऊन त्याची पारध करता येई. मारलेल्या जनावरांची नोंद परवानाधारकाने ठेवावी, असे दहावे कलम सांगे. १९९१च्या दुरुस्तीने परवाने गेले, ते कलमही गेले.

ही बंदी योग्यच होती, याविषयी आम्हांस शंका नाही. मात्र त्या कलमाला हवी होती ती मेलेल्या जनावराची नोंद, हाका घालणाऱ्या माणसांची नव्हे. मचाण कोठे बांधावे, कळप कोणत्या पाणवठ्यावर उतरतो, हे त्यांनाच ठाऊक असे. १९९१ साली तिशीत असलेला हाकेवाला आज साठी ओलांडून गेला आहे. त्याच्याकडे जाऊन विचारणे, हे काम आपल्या इतिहासलेखनाने अद्याप पुरेसे केलेले नाही.