कपाटावरचे राक्षस

भाचीच्या पाचव्या वाढदिवसाला मी तिला एक चित्रांचं पुस्तक दिलं होतं. मॉरिस सेंडॅकचं 'व्हेअर द वाइल्ड थिंग्ज आर'. पुढच्या वेळी गेले तर पुस्तक कपाटाच्या डोक्यावर, बॅगांच्या मागे. "अगं, राक्षस आहेत त्यात. रात्री दचकून उठेल ती," ताई म्हणाली. मी गप्प बसले. (ताईशी वाद घालून आजवर कोण जिंकलंय?) पण विषय डोक्यातून जाईना, म्हणून इथे लिहितेय.

गंमत म्हणजे ताईचा आक्षेप जुनाच आहे. पुस्तक आलं १९६३ साली. लांडग्याचा पोशाख घालून घरभर धुडगूस घालणारा मॅक्स आईला उलट बोलतो आणि त्याला न जेवता झोपायची शिक्षा होते. मग खोलीतच जंगल उगवतं, एक होडी येते, आणि तो राक्षसांच्या मुलखात पोचतो. त्यांचा राजा होतो, मनसोक्त दंगा करतो, आणि घरची आठवण आली की परत फिरतो. खोलीत त्याचं जेवण वाट बघत असतं, तेही गरमागरम. सगळी गोष्ट ३३८ शब्दांची!

अमेरिकेतल्या मोठ्या माणसांना तेव्हा ही चित्रं मुलांसाठी फार भीतिदायक वाटली. १९६४ साली पुस्तकाला कॅल्डेकॉट पदक मिळालं, तरी कुरबूर थांबली नाही. ब्रूनो बेटेलहाइम हे बालमनाचे मोठे जाणकार समजले जात. १९६९ साली त्यांनी एका मासिकात पुस्तकावर टीका केली, आणि तीही पुस्तक न बघता, आयांकडून ऐकून! पुढे १९७६ साली ह्याच गृहस्थांनी, परीकथांमधल्या चेटकिणी आणि राक्षस मुलांच्या वाढीसाठी का गरजेचे असतात, ह्यावर अख्खा ग्रंथ लिहिला. असो.

मला खरं कुतूहल वेगळंच होतं. हे राक्षस आले कुठून?

आधी ह्या पुस्तकात घोडे असणार होते. पण सेंडॅकला घोडे काही नीट जमेनात. मग घोड्यांऐवजी कुणाला आणायचं ह्याचा विचार करताना त्याला आठवले ब्रुकलिनमधल्या लहानपणीच्या घरी रविवारी येणारे नातेवाईक. आईवडील पोलंडहून आलेले ज्यू. काका-मावश्या यायच्या, गालगुच्चे घ्यायच्या, तोंड अगदी जवळ आणून 'खाऊनच टाकते तुला' म्हणायच्या. इतक्या जवळून पोराला दिसायचे ते पिवळे दात, नाकातले केस आणि लाल डोळे. त्यात स्वयंपाकाला उशीर झाला, तर ही मंडळी आपल्याला खरंच खातील अशी त्याला धास्ती! (आपल्याकडे लग्नकार्यात लहान मुलांचे गाल ओढणाऱ्या सर्व आत्या-मावश्यांनी नोंद घ्यावी. मीही त्यात आलेच.)

इथवर हसू येतं. पुढचं मात्र तसं नाही.

सेंडॅक १९२८ सालचा. लहानपणी सतत आजारी. हे पोर जगतंय की नाही ही घरच्यांची भीती त्याला पुरती कळत होती. आजीने त्याला पांढरे कपडे शिवले, म्हणजे मृत्यूच्या दूताला हा आधीच देवदूत झालाय असं वाटेल आणि तो पुढे निघून जाईल. आपण तीट लावतो ना, त्यातलाच प्रकार.

तो चार वर्षांचाही नव्हता तेव्हा, १ मार्च १९३२ ला, अटलांटिक पार करणारा वैमानिक चार्ल्स लिंडबर्ग ह्याचा वीस महिन्यांचा मुलगा न्यू जर्सीतल्या घरातून पळवला गेला. खिडकीला लाकडी शिडी लावून. १२ मे ला त्याचं प्रेत घराजवळच्या रानात सापडलं. एवढ्या श्रीमंत घरातलं बाळ जर वाचत नाही, तर आपलं काय, असं ह्या आजारी पोराला वाटलं. वर्तमानपत्रात त्या प्रेताचा फोटो बघितल्याचं त्याला पक्कं आठवत होतं. घरचे म्हणाले, असा फोटो नव्हताच. कित्येक वर्षांनी त्याला कळलं की फोटो खरंच छापला होता, आणि नंतर मागे घेतला होता.

१९८१ साली त्याचं 'आउटसाइड ओव्हर देअर' आलं. ह्यात गॉब्लिन आहेत, म्हणजे युरोपातल्या लोककथांमधली खुजी, दुष्ट भुतं. बाळ पळवायचं आणि जागी दुसरंच काहीतरी ठेवायचं, ही तिकडची फार जुनी भीती. इथे वडील दर्यावर, आई आपल्याच विचारांत बुडालेली. गॉब्लिन खिडकीतून येतात आणि बाळाच्या जागी बर्फाचं बाळ ठेवून जातात. थोरली बहीण आयडा आईचा झगा अंगावर घेऊन शोधायला निघते. झग्यांखालचे ते गॉब्लिन निघतात साधी तान्ही बाळं! आयडा कर्णा वाजवून त्यांना नाचवते आणि बहिणीला घरी आणते. सेंडॅकला सांभाळलं होतं त्याच्या नऊ वर्षांनी मोठ्या बहिणीने, नॅटलीने. आयडा म्हणजे तीच. आणि त्याच्या दृष्टीने ह्या गोष्टीत लिंडबर्गचं बाळ जिवंत घरी येतं.

तो फोटोचा प्रसंग वाचला आणि मला आमचं जुनं घर आठवलं. आजोबा गेले तेव्हा मी सहा वर्षांची. सांगितलं, "आजोबा मुंबईला गेलेत, इलाजाला." मी खिडकीतून त्यांना नेताना बघितलं होतं. तसं म्हटलं तर उत्तर मिळालं, "स्वप्न पडलं असेल तुला." कोपऱ्यात त्यांची काठी तशीच होती. काठी न घेता माणूस मुंबईला कसा जाईल? कित्येक रात्री मला त्या कोपऱ्यात कुणीतरी उभं दिसायचं. त्याला चेहरा नव्हता. आमच्याकडच्या बागुलबुवालाही कधी चेहरा नव्हता, जेवत नाहीस तर येईल एवढंच माहीत.

ताई, तू हे वाचशीलच. तू तेव्हा दहा वर्षांची होतीस. एका रात्री माझ्या पांघरुणात शिरलीस आणि कानात सांगितलंस, "आजोबा वारले. तू बघितलंस ते खरं होतं." मी खूप रडले आणि मग झोपले. कोपऱ्यातलं ते कुणीतरी त्यानंतर आलं नाही.

मी शनिवारी येतेय. पुस्तक मी वाचून दाखवीन, आणि पोरगी घाबरलीच तर रात्री तिच्याजवळ झोपेन. तेवढं स्टूल घेऊन ते खाली काढून ठेव.