डिझेल मोटारीचा हिशेब

1897 साली जर्मनीतील आउग्सबुर्ग येथे रुडॉल्फ डिझेल याच्या यंत्राची कसोटी झाली, तेव्हा इंधनातील सुमारे एक चतुर्थांश उष्णता कामी लागते असे आढळून आले. त्या काळच्या वाफेच्या यंत्रांना हे साधत नसे. या यंत्रात ठिणगी नाही. हवा इतकी दाबली जाते की तिच्या उष्णतेनेच तेल पेट घेते. या दाबामुळे तेल कमी लागते खरे, पण तोच दाब सोसण्यासाठी यंत्र जड आणि महाग करावे लागते. जास्तीची ही किंमत वसूल व्हायची ती केवळ धावून.

1936 साली मर्सिडीज-बेंझची ‘260 डी’ बाजारात आली, तेव्हा टॅक्सीवाल्यांनी तिचे मर्म ओळखले. हौशी धनिकाला तिची धडधड कशाला रुचेल? भारतात 1980 च्या सुमारास आलेली डिझेल अँबॅसडरही टॅक्सीवाल्यांच्याच पसंतीस उतरली.

पुढे मात्र येथे खासगी मोटारवालेही डिझेलकडे वळले, आणि त्याचे कारण यंत्रात नव्हते. मालमोटारी, एस.टी. आणि शेतीचे पंप यांच्यासाठी सरकार डिझेलचे भाव बांधून ठेवीत असे. जून 2010 मध्ये पेट्रोलचे भाव खुले झाले, डिझेलचे नाहीत. मे 2012 च्या अखेरीस दिल्लीत पेट्रोल लिटरला 73 रुपयांवर गेले. डिझेल 41 च्या आसपास होते. समजा, पेट्रोलची गाडी लिटरला 15 किलोमीटर धावते, डिझेलची 20, आणि डिझेलची गाडी एक लाखाने महाग आहे. त्या भावांत दर 100 किलोमीटरला सुमारे 280 रुपये वाचत. 35 हजार किलोमीटरांत लाख रुपये परत! शेतकऱ्यासाठी ठेवलेली ही सवलत अशी भलत्याच दारी पोचली.

ऑक्टोबर 2014 मध्ये डिझेलचेही भाव खुले झाले. जून 2020 मध्ये तर दिल्लीत डिझेल पेट्रोलहून किंचित महाग झाले. दोन्ही 80 रुपयांच्या घरात. आता त्याच गाडीची बचत 133 रुपयांवर आली आणि लाख रुपये फिटायला 75 हजार किलोमीटर लागू लागले. महिन्याला 5 हजार किलोमीटर धावणाऱ्या टॅक्सीला ही सव्वा वर्षाची मजल. पण घर आणि कचेरी यांच्यामध्ये महिन्याला हजार किलोमीटर चालणाऱ्या गाडीला सहा वर्षे पुरत नाहीत. त्यातच 2018 साली सर्वोच्च न्यायालयाने दिल्ली परिसरातील डिझेल गाड्यांवरील 10 वर्षांची मर्यादा कायम केली होती. तेव्हा तेथील गृहस्थाच्या हाती निव्वळ नफ्याची जेमतेम पावणेचार वर्षे उरत होती.