आजीचा शेर, आपला किलो

'पायलीचे पंधरा, अधोलीचे सोळा' असे आपण आजही सहज म्हणून जातो. परंतु पायली म्हणजे किती, हे आपल्यापैकी कितीजणांना सांगता येईल? चार शेरांची पायली, दोन शेरांची अधोली, अर्ध्या शेराचे मापटे आणि पाव शेराचे चिपटे, या मापांवर आपल्या आजीच्या स्वयंपाकघराचा हिशेब चालत असे. नाताळच्या फराळासाठी तिची जुनी वही आम्ही उघडतो आणि 'रवा एक शेर' या तीन शब्दांपाशीच अडतो.

कारण शेर हे मापही होते आणि वजनही. वजनाचा पक्का शेर ८० तोळ्यांचा, म्हणजे सुमारे ९३३ ग्रॅमचा. मुंबईचा जुना मण मात्र २८ पौंडांचा. त्याचे ४० शेर होत, म्हणून मुंबईचा शेर जेमतेम ३१८ ग्रॅमचा. शब्द एक, पण अर्थात जवळजवळ तिपटीचा फरक! मापाच्या शेराची गोष्ट आणखी निराळी. तो शिगोशीग भरावा की सपाट, यावर घेणाऱ्याचा नफातोटा ठरे. 'मापात पाप' हा शब्दप्रयोग उगाच रूढ झालेला नाही. त्या पापाची झळ हातावर पोट असलेल्यांनाच अधिक बसे.

हा गोंधळ मिटविण्यासाठी संसदेने १९५६ साली वजनमापांचा कायदा संमत केला. १ ऑक्टोबर १९५८ पासून दशमान पद्धती टप्प्याटप्प्याने अमलात आली आणि एप्रिल १९६२ पासून व्यवहारात जुन्या परिमाणांना बंदी झाली. दुकानदाराच्या तराजूत किलो आला. घरात मात्र ग्रॅमचा काटा क्वचितच होता. म्हणूनच १९७० साली प्रसिद्ध झालेल्या कमलाबाई ओगले यांच्या 'रुचिरा'ने वाटी आणि चमचा यांचे प्रमाण दिले, तेव्हा ते घरोघरी आपलेसे वाटले. बाजार वजनाकडे गेला. चूल मापापाशीच राहिली.

आता ती जुनी मापे वजनात कशी आणावीत? एकाच आकड्याने सर्वांना गुणणे ही येथील मोठी चूक होय. लिटरभर पाणी एक किलो भरते. त्याच भांड्यात साखर सुमारे साडेआठशे ग्रॅम मावते, तर चाळलेला मैदा अर्ध्या किलोच्या आसपास. दाण्यादाण्यांमधील पोकळी प्रत्येक जिनसाची वेगळी असते. तोच मैदा दाबून भरला, तर वजन पुन्हा वाढते.

म्हणून आम्हांला सुचतो तो मार्ग साधा आहे. घरातील जुने मापटे आधी रिकामे व मग पाण्याने भरून तोलावे. वजनातील फरकावरून त्यात किती मिलिलिटर मावते ते कळेल. नंतर रवा, तांदूळ, साखर हे जिन्नस एकेक करून त्यात भरावेत, तीनदा तोलावेत आणि सरासरी वहीत त्या त्या पदार्थाशेजारी लिहावी.

मात्र हे माप आजीकडूनच भरून घ्यावे. ती शीग लावते की हाताने सपाट करते, मापटे आपटून भरते की अलगद, हे वहीत कोठेही लिहिलेले नाही. ते तिच्या हातांत आहे. मापटे माळ्यावर आणखी कित्येक वर्षे राहील. ते भरणारे हात घरात आहेत, तोवरच हे टिपून ठेवले पाहिजे.