कार्ल्याची दोन दारे आणि फ्रेंच भूतकाळ

कार्ल्याच्या चैत्यगृहाशी आलेल्या माणसाची नजर आधी वर, पिंपळपानी कमानीकडे जाते. मग ती आत वळते. सुमारे 124 फूट लांबीचे दालन, दोन्ही बाजूंच्या खांबांच्या रांगा आणि टोकाचा स्तूप पाहून माणूस बाहेर येतो आणि शेजारच्या एकवीरा आईच्या दर्शनाच्या रांगेत उभा राहतो. दारांपाशी कोरलेल्या ब्राह्मी ओळींकडे लक्ष देणारा विरळाच. मला मात्र या लेण्यातले सर्वांत बोलके अवशेष त्या ओळीच वाटतात. इ.स.च्या आरंभीच्या शतकांतल्या या ओळींत आपल्या मराठी भूतकाळाची घडण दिसते. मी लोणावळ्यात फ्रेंच शिकवतो, म्हणून मला त्यांत फ्रेंच भूतकाळाचीही घडण दिसते.

यांतल्या दोन ओळी शेजारी ठेवून वाचाव्यात. एक आहे धेनुकाकट गावच्या सिंहदत नावाच्या गंधिकाची, म्हणजे सुगंधी द्रव्यांच्या व्यापाऱ्याची. तीत म्हटले आहे, ‘सिंहदतस दानं घरमुघ’. सिंहदताचे दान, घराचे हे मुख, म्हणजे दार. दुसरी त्याच गावच्या सामी नावाच्या सुताराची, वेणुवासाच्या मुलाची. तीत शब्द येतात ‘वढकिना सामिना’ आणि शेवटी ‘घरस मुघ कत’. वढकी सामीने घराचे मुख केले. विदर्भात आजही सुताराला वाढई म्हणतात. तो हाच वढकी.

पहिल्या ओळीत क्रियापद नाही. षष्ठीतला मालक आणि त्याचे दान, एवढ्यावर घडून गेलेली गोष्ट सांगून झाली. दुसऱ्या ओळीत क्रिया आहे, पण ‘त्याने केले’ असे कर्त्याच्या पुरुषानुसार चालणारे रूप नाही. ‘कत’ हे संस्कृत ‘कृत’चे प्राकृत रूप, म्हणजे विशेषण. सुतार तृतीयेत आणि केलेली वस्तू प्रथमेत. ओळीचा शब्दशः अर्थ ‘सामीकडून केलेले दार’ असा होतो.

संस्कृतात ‘त्याने केले’ म्हणायला ‘अकरोत्’, ‘अकार्षीत्’, ‘चकार’ अशी तीन रूपे होती. पालीतही ‘अकासि’सारखी रूपे सापडतात. बोलीत मात्र ती मागे पडत गेली आणि भूतकाळाचा सगळा भार या एका विशेषणावर आला. चैत्यगृहाच्या ओवरीतला प्रसिद्ध लेखही याच घडणीचा आहे. ‘सेठिना भूतपालेन’ म्हणजे वैजयंतीच्या भूतपाल शेठने हे शैलघर ‘परिनिठपितं’, पूर्णत्वाला नेले. शेठच्या हातात छिन्नी कधी आली नसणार, सुताराच्या हातात मात्र हत्यार होते. तरी व्याकरणाने दोघांना एकच प्रत्यय दिला: सेठिना, वढकिना.

ही घडण पुढे कुठे गेली ते पाहायला श्रवणबेळगोळला जावे. गोमटेश्वराच्या पायाशी कोरलेले ‘श्रीचावुण्डराजें करवियलें’ हे वाक्य आपण शाळेत मराठीचे आद्य वाक्य म्हणून शिकलो. त्याच्या काळाविषयी अभ्यासकांत वाद आहेत, पण त्याची रचना निर्विवाद आहे. ‘भूतपालेन’मधले ‘एन’ आता ‘एं’ झाले आहे आणि विशेषणाला ‘ल’ जोडला गेला आहे. या ‘ल’चे नाते प्राकृतातल्या ‘इल्ल’ प्रत्ययाशी लावतात. आजच्या मराठीत आपण ‘चावुंडराजाने करविले’ म्हणतो. म्हणून तर ‘सामीने दार केले’, ‘सामीने खिडकी केली’, ‘सामीने खांब केला’. काही मोजकी क्रियापदे सोडली तर आपले सकर्मक क्रियापद भूतकाळात करणाऱ्याकडे पाहत नाही. जे केले गेले त्याचे लिंग आणि वचन ते घेते. करणारा सामी असो की त्याची बायको, खिडकी ‘केली’च.

आता फ्रेंचकडे वळू. लॅटिनमध्येही क्रियापदाची भूतकाळी रूपे होती. पण बोलणारा माणूस हळूहळू वेगळी रचना वापरू लागला: ‘माझ्यापाशी लिहिलेले पत्र आहे’. इथे ‘लिहिलेले’ हे पत्राचे विशेषण आणि ‘आहे’ हा मालकीचा शब्द. मालकी दाखवणारे हे लॅटिन क्रियापद म्हणजेच फ्रेंचमधले ‘आव्हवार’. मालकीचा अर्थ झिजला आणि ‘माझ्यापाशी लिहिलेले आहे’चे ‘मी लिहिले’ झाले. मराठी माणसाला यात नवल वाटू नये. ‘माझे लिहून झाले’ असे आपण रोज म्हणतो. एमिल बाँव्हनिस्त या फ्रेंच भाषाशास्त्रज्ञाने 1952 साली एका निबंधात प्राचीन फारसीतल्या ‘माझ्याकडून केलेले’ या धाटणीच्या रचनेचा उलगडा केला. ती मुळात मालकीची रचना आहे, असे त्याचे प्रतिपादन होते. गंधिक सिंहदताची ‘दताचे दान’ ही ओळ वाचताना मला तो निबंध आठवतो.

या जुन्या विशेषणाची खूण फ्रेंचमध्ये अजून शिल्लक आहे. ‘मी दार केले’ हे ‘जे फे ला पोर्त’. पण कर्म आधी आले, ‘मी केलेले ते दार’ म्हणायचे झाले, की ‘ला पोर्त क जे फेत’. ‘फे’चे ‘फेत’ झाले, कारण फ्रेंचमध्ये दार स्त्रीलिंगी आहे. हा नियम सोळाव्या शतकात कवी क्लेमाँ मारो याने इटालियनच्या धर्तीवर मांडला आणि पुढे तो व्याकरणाच्या पुस्तकांत पक्का झाला. जाणे, येणे, मरणे अशा क्रियापदांना ‘आव्हवार’ऐवजी ‘असणे’ लागते. तिथे विशेषण कर्त्याच्या मागे जाते: तो ‘ए मॉर’, ती ‘ए मॉर्त’. आपल्याकडे ‘तो मेला’, ‘ती मेली’. फ्रेंचमध्ये जुना, एकाच शब्दाचा भूतकाळ आज कथा-कादंबऱ्यांत आणि इतिहासलेखनात उरला आहे. बोलण्यातून तो जवळजवळ गेला. प्राकृतात जे घडून गेले होते, तेच पॅरिसच्या रस्त्यावर फार उशिरा घडले.

एवढे जवळचे नाते असूनही मावळातली मुले हा धडा इंग्रजीच्या वाटेने शिकतात. कामशेत-वडगावहून येणाऱ्या विद्यार्थ्याला पुस्तक सांगते की विशेषणाने कर्माशी जुळणे ही फ्रेंचची विचित्र लहर आहे. इंग्रजीत तसे काही नसल्यामुळे मुलगा ते मुकाट्याने पाठ करतो. ‘मी भाकरी खाल्ली’ आणि ‘मी आंबा खाल्ला’ ही वाक्ये फळ्यावर शेजारी लिहिली की त्याला कळते, हे आपण बोलायला लागल्यापासून करत आलो आहोत. दुसरी भाषा शिकताना आपली भाषा दाराबाहेर ठेवायची, हा समज मला सर्वांत महाग पडणारा वाटतो.

गंमत अशी की ही जवळीक फ्रेंच अभ्यासकांना आधी दिसली. जेम्स बर्जेस आणि भगवानलाल इंद्रजी यांनी 1881 साली पश्चिम भारतातल्या लेण्यांचे लेख प्रसिद्ध केले होते. त्यानंतर ‘एपिग्राफिया इंडिका’च्या सातव्या खंडात कार्ल्याचे लेख नव्याने वाचले ते एमिल सनार या फ्रेंच पंडिताने. ज्यूल ब्लॉकचा मराठीच्या घडणीवरचा ग्रंथ 1920 साली फ्रेंचमध्ये निघाला आणि वा. गो. परांजपे यांनी तो 1941 साली ‘मराठी भाषेचा विकास’ म्हणून मराठीत आणला. आपल्या भाषेचा पहिला मोठा शास्त्रशुद्ध इतिहास फ्रेंचमधून आपल्याकडे आला.

दोन्हीकडे ही जुळणी आता सैल होते आहे. 2018 साली बेल्जियममधल्या दोन माजी फ्रेंच शिक्षकांनी ‘आव्हवार’बरोबरचे विशेषण कायम एकच ठेवावे अशी मागणी केली, मुलांचे सरासरी 80 तास या नियमावर जातात, असे त्यांचे म्हणणे होते. सोलापूरकडे ‘मी काम केलो’ सहज कानी पडते. तिथे क्रियापद करणाऱ्याकडे वळले आहे. मी त्याला अशुद्ध म्हणणार नाही. ‘अकरोत्’ म्हणणाऱ्या एखाद्या पंडिताला सामीचे ‘कत’ही गावंढळ वाटले असेल. भाषा बदलणारच, पण काय बदलते आहे ते बोलणाऱ्याला माहीत असावे.

कार्ल्याच्या त्या दाराला बसवलेले लाकूड केव्हाच गेले. कातळ उरला, आणि त्यावर वेणुवासाच्या मुलाचे नाव, तृतीयेत.